फोन वर, आई खाली: कॉर्डलेस घ्यावा का?

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई,

इंदुरात राजेंद्र नगरला आमचं जुनं दोन मजली घर आहे. खाली हॉल, देवघर, स्वयंपाकघर आणि सासूबाईंची खोली. वर आम्ही दोघं आणि कॉलेजात जाणारा मुलगा. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. गुडघे दुखतात, कानाला मशीन आहे आणि गेल्या वर्षी पेसमेकर बसवला. टचचा मोबाईल त्यांना जमत नाही आणि जमवायचाही नाही. घरचा फोन मात्र त्यांना लागतोच. देवासची बहीण, ग्वाल्हेरच्या माझ्या नणंदबाई, भजनी मंडळाच्या बायका, सगळ्यांचे फोन त्यावरच येतात.

मध्यंतरी तांब्याची लाईन जाऊन फायबर आलं. कंपनी तीच, नंबरही तोच राहिला. पण फायबर जोडायची डबी मुलाच्या सोयीसाठी वर बसवली आणि फोनही तिच्यामागे वर गेला. आता रिंग वाजली की सासूबाई जिन्याकडे धावतात. मागच्या महिन्यात पायरीवरून घसरल्या. हाड वाचलं, मुका मार बसला.

हे म्हणतात, लँडलाईनच काढून टाकू, आईला बटणांचा मोबाईल घेऊन देऊ. मी म्हणते, कॉर्डलेस घेऊ. न्यू जर्सीचे भाऊजी येताहेत, ते म्हणतात तिकडे दोन हँडसेटचा सेट स्वस्त मिळतो, घेऊन येतो. शेजारचे काका म्हणतात, लाईट गेली की कॉर्डलेस मुका होतो. सासूबाईंना वाटतं, बिनवायरच्या फोनने पेसमेकर बिघडेल. शिवाय हल्ली घरच्या फोनवरून माझा मोबाईल लावला तर लागतच नाही, असं त्या म्हणतात, तेही एक कोडंच आहे. कोणाचं ऐकू?

एक सून, राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर

सूनबाई, फोन कोणता घ्यायचा हे ठरायला आठवडा जाईल. तोवर एक काम आजच करा. देवास, ग्वाल्हेर आणि भजनी मंडळ, सगळ्यांना कळवून टाका: रिंग पूर्ण वाजू द्यायची, उचलला नाही तर पाच-दहा मिनिटांनी परत लावायचा. आईंनाही हे सांगितल्याचं सांगा. त्या धावतात ते फोन वर आहे म्हणून, आणि त्याहून जास्त ‘कट होईल’ या धास्तीने. एसटीडीच्या दराने बोलण्याचे दिवस ज्यांनी पाहिलेत, त्यांच्या अंगात ही धास्ती मुरलेली असते. उद्या फोन दोन पावलांवर आणून ठेवला तरी ती दोन पावलं त्या धावतच जातील. म्हणून हे आधी.

आता काकांचं. त्यांचं म्हणणं बरोबर आहे, पण ते तांब्याच्या काळातलं आहे. जुन्या लाईनीत एक्स्चेंजमधून साधारण ४८ व्होल्टची वीज तारेतूनच घरात यायची. एक्स्चेंजला स्वतःच्या बॅटऱ्या आणि जनरेटर असायचे. म्हणून गल्ली अंधारात असली तरी घरचा फोन जिवंत असायचा. कॉर्डलेसचं तसं नव्हतं. त्याचा बेस, म्हणजे टेलिफोनची वायर जोडलेला भाग, भिंतीतल्या प्लगवर चालतो आणि हँडसेट थेट लाईनशी नाही, त्या बेसशी बोलतो. हँडसेटची बॅटरी काठोकाठ भरलेली असली तरी बेस बंद तर सगळंच बंद. हे पुष्कळांना ठाऊक नसतं. हँडसेटवर बॅटरीच्या तिन्ही काड्या दिसतात आणि फोन मात्र लागत नाही, मग बिचाऱ्या हँडसेटला दोष.

पण तुमच्याकडे आता फायबर आहे. काचेच्या तारेतून उजेड येतो, वीज येत नाही. त्या उजेडाचा आवाज करणारी जी डबी वर बसवली आहे, ती तुमच्या घरच्या विजेवर चालते. म्हणजे लाईट गेली की आज जो वायरचा फोन वर ठेवलाय, तोही मुकाच होतो. कॉर्डलेसवर घेतला जाणारा सगळ्यात मोठा आक्षेप फायबरच्या घरात वायरच्या फोनलाही लागू पडतो, आणि दोघांवरचा उपायही एकच: डबी इन्व्हर्टरवर घ्या.

इन्व्हर्टर आपल्याकडे बऱ्याच घरांत असतो, पण त्याची लाईन पंखे आणि ट्यूबलाईटला दिलेली असते. डबीचा प्लग सहसा साध्या बोर्डावर सापडतो, कारण बसवायला आलेल्या मुलाने जवळचा दिसला त्यात घुसवलेला असतो. दुपारच्या वेळी मुख्य स्विच खाली करा आणि आपल्या मोबाईलवरून घरचा नंबर लावून बघा. वाजला तर उत्तम. नाही वाजला तर इलेक्ट्रिशियनला सांगून डबीचं सॉकेट इन्व्हर्टरवर घ्या, पुढे कॉर्डलेस आलाच तर त्याचंही. पहिल्या पावसाआधीचं वादळ माळव्यात कधी येईल आणि लाईट किती वेळ नेईल, हे तुम्हाला मी सांगायला नको. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तोही चालेल. मात्र तो बहुतेक १२ व्होल्टचा असतो आणि कॉर्डलेसच्या बेसला त्याहून कमी व्होल्ट लागतात. दोन्हींच्या पिना सारख्या दिसल्या म्हणून एकाची पिन दुसऱ्यात घालू नका. ॲडॉप्टरवर छापलेला आकडा वाचा, मगच जोडा. लाईट येऊन-जाऊन करत असेल तर दर वेळी डबी पुन्हा जुळायला दोनेक मिनिटं घेते, तेवढा वेळ फोन बंद राहणार, हेही आईंना माहीत असू द्या.

एवढं झाल्यावर मूळ प्रश्न. तुम्ही कॉर्डलेस घ्यावा, पण पहिला पैसा त्यावर घालू नये, असं माझं मत आहे. पहिला पैसा वायरवर घाला.

डबी वर आहे म्हणून फोन वर असायला हवा, असं कुठे लिहिलंय? डबीच्या मागे ‘फोन’ असं लिहिलेलं एक लहान भोक असतं, इंटरनेटच्या भोकांपेक्षा थोडं अरुंद. तिथून निघणारी वायर ही साधी टेलिफोनची दोन तारांची वायर असते. तुमचं घर जुनं आहे, म्हणजे तांब्याच्या लाईनीची वायर भिंतीतून हॉलपर्यंत आलेली असणारच, कदाचित आईंच्या खोलीपर्यंतही. ती वायर आज भिंतीत नुसती पडून आहे. डबीच्या फोनच्या भोकातून एक तुकडा काढून त्या जुन्या वायरिंगला जोडला की खालचं जुनं सॉकेट परत बोलू लागतं. फक्त एक गोष्ट विसरायची नाही. खांबावरून घरात येणारी जुनी लाईन आधी सोडवून घ्यायची, म्हणजे घरातली वायर बाहेरच्या तांब्याला कुठेही चिकटलेली राहता कामा नये. दोन्हीकडून वीज समोरासमोर आली तर डबीचं नुकसान होऊ शकतं. हे काम टेलिफोनची लाईन टाकणाऱ्या माणसाकडून करून घ्या, मुलाच्या हौशीवर सोडू नका. जुनी वायर कुठे तुटलेली निघाली तर जिन्याच्या कडेने पट्टीतून नवी टाकता येते. ती दिसेल, पण जिना चढण्यापेक्षा दिसलेली बरी.

मग आईंच्या पलंगाशेजारी वायरचा, मोठ्या बटणांचा फोन ठेवा. हजाराच्या आत मिळतो. रात्रीसाठी याला तोड नाही: चार्ज करावा लागत नाही, कोणी उचलून नेत नाही, अंधारात चाचपडलं तरी रिसीव्हर हाताला लागतो. ‘१०८’ आणि ‘११२’ तिथूनच लागतात. मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर चिकटवा, आणि त्याखाली घरचा पूर्ण पत्ता. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या घराचा नंबर आठवत नाही.

या जागाबदलाचा आणखी एक फायदा आहे, त्याबद्दल तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. लँडलाईन आपल्याकडे कायम हॉलमध्ये असायची, टीव्हीच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या साक्षीने. पोटची मुलगी ग्वाल्हेरहून फोन करते आणि आई चार लोकांसमोर ‘हो, हो, बरं आहे, सगळं छान’ एवढंच बोलते, हे कित्येक घरांत वर्षानुवर्षं चाललंय. आपल्या खोलीत, दार लोटून बोलता येणं, हे त्या पिढीच्या बायकांना फारसं मिळालेलंच नाही. त्यात कधी तुमच्याबद्दलही दोन शब्द निघतील. निघू द्या.

वायर खाली आली की कॉर्डलेसचा हिशेबच बदलतो. तुमच्या डोक्यात आहे तो प्रकार असा: बेस वर डबीजवळ, हँडसेट खाली आईंजवळ. हे चालतं, पण अडचणीचं आहे. एकाच हँडसेटचा फोन घेतला तर चार्जिंगची बैठक बेसमध्येच असते, म्हणजे तो ठेवायला पुन्हा जिनाच. म्हणून दोन हँडसेटचा सेट घ्यावा लागतो. दुसऱ्या हँडसेटच्या बैठकीला टेलिफोनची वायर लागत नाही, नुसता प्लग पुरतो, ती खाली कुठेही ठेवता येते. पण मग लहरींना मधला स्लॅब भेदून यावं लागतं. खोक्यावर घरात ५० मीटर आणि उघड्यावर ३०० मीटर असं लिहिलेलं असतं, ते आदर्श परिस्थितीचं गणित आहे. सळयांचा स्लॅब, जाड भिंत, वाटेत उभं असलेलं गोदरेजचं कपाट, यांनी ते अंतर झटकन आटतं. स्वयंपाकघराच्या मागच्या कोपऱ्यात आवाज तुटायला लागतो आणि मग आई बोलता बोलता हॉलकडे येत राहतात.

तेच हॉलमधलं जुनं सॉकेट जिवंत झालं की बेस खालीच बसतो. स्लॅबचा प्रश्न मिटतो, एकाच हँडसेटचा साधा फोनही पुरतो आणि हजार-दीड हजार वाचतात. वर तुमच्यासाठी फोन हवाच तर डबीजवळ आत्ताचा वायरचा राहू द्या. मात्र फायबरच्या डबीत जुन्या एक्स्चेंजइतका दम नसतो. दोन-तीन फोन एकत्र जोडले तर चालतात, त्याहून जास्त जोडले तर घंटी मरतुकडी वाजते किंवा वाजतच नाही. जुना एखादा बटणांचा फोन माळ्यावरून काढलात आणि त्यावरून नंबर लागला नाही, तर त्याच्या पोटाशी ‘पी’ आणि ‘टी’ असा छोटा खटका असेल, तो ‘टी’वर करा. गोल डायलचा काळा फोन मात्र शोभेलाच ठेवा. त्यावर फोन बहुधा येईल, पण त्यावरून लावता येईलच असं नाही, बऱ्याच डब्यांना ती डायलची भाषा कळत नाही.

तर कॉर्डलेसचा खरा फायदा दिवसाचा आहे. देवघरात, मागच्या अंगणात, ओट्याशी, आई जिथे असतील तिथे फोन त्यांच्याबरोबर. उठायचं नाही, धावायचं नाही. बहुतेक हँडसेटना स्पीकर असतो, तो लावून समोर ठेवला की मटार सोलता सोलता देवासशी तासभर बोलणं होतं.

आणि खरा तोटाही तिथेच आहे, तो लाईट जाण्याचा नव्हे. हँडसेट जागेवर राहत नाही. मुलगा वर घेऊन जातो, तुम्ही स्वयंपाकघरात डब्यांच्या मागे ठेवता, आईंच्या गोधडीत तो गुंडाळला जातो. मग तो वाजतो आणि कुठे वाजतोय ते कळत नाही. कानाला मशीन असलेल्या माणसाला आवाजाची दिशा लवकर सापडत नाही. म्हणजे धावपळ परत सुरू, आता फक्त जिन्याऐवजी घरभर. बेसवर हँडसेट शोधायचं बटण असतं, ते दाबलं की तो पीं-पीं करतो, पण बॅटरी उतरली असेल तर तेही नाही. त्यामुळे घरात एक नियम करा आणि तो मुलालाही लागू करा: कॉर्डलेस आईंचा आहे. त्यांनी विचारल्याशिवाय कोणी न्यायचा नाही, आणि रात्री झोपताना तो बैठकीवर गेलाच पाहिजे. तुमच्याकडे मोबाईल आहेत, तुमचं अडत नाही.

भाऊजींना आजच कळवा की तिकडचा कॉर्डलेस आणू नका. त्यांना वाईट वाटेल, पण कारण पक्कं आहे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या अशा फोनांवर ‘डेक्ट ६.०’ लिहिलेलं असतं, डेक्ट ही कॉर्डलेसची एक पद्धत. ते १९२० ते १९३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. युरोपातले डेक्ट फोन १८८० ते १९००मध्ये. आपल्याकडे १९२०च्या पुढचा पट्टा मोबाईल कंपन्यांना दिलेला आहे, तुमचा मोबाईल टॉवरशी जे बोलतो त्यातलं काही नेमकं तिथे चालतं. म्हणजे तो सेट इथे लावणं म्हणजे दुसऱ्याच्या वाटेत उभं राहणं. ते नियमात बसत नाही आणि तुमच्या आवाजातही खरखर येऊ शकते. शिवाय तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०. ॲडॉप्टरवर ‘१०० ते २४०’ असं नसेल तर पहिल्याच दिवशी धूर निघेल. वॉरंटी इथे चालणार नाही ती वेगळीच. त्यापेक्षा तेवढ्या वजनाचे बदाम आणा म्हणावं.

इथे घेताना फोन २.४ गीगाहर्ट्झवर चालणारा आहे का, ते खोक्यावर बघा. आपल्या बाजारात असे बरेच असतात. वाईट नाहीत, पण तुमचं वायफाय, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह हे सगळे त्याच पट्ट्यात कोंडाळं करून बसलेले असतात. बेस राउटरला खेटून ठेवला तर आईंचा फोन आला की मुलाची ऑनलाईन क्लास अडखळणार, आणि मग भांडण. दोन-तीन मीटरचं अंतर ठेवा, किंवा मुलाचा लॅपटॉप ५ गीगाहर्ट्झच्या वायफायवर टाका. तुमच्याकडे बेस खाली आणि राउटर वर राहिला तर हा प्रश्न बराचसा आपोआपच सुटेल.

पेसमेकरबद्दल आईंची भीती अस्थानी नाही, फक्त ती चुकीच्या फोनवर गेली आहे. डेक्टचा कॉर्डलेस बोलताना सरासरी १० मिलीवॅटच्या आसपास शक्ती सोडतो, क्षणिक कमाल २५० मिलीवॅट. टूजी मोबाईलची क्षणिक कमाल २ वॅटपर्यंत जाते. म्हणजे तुमच्या यजमानांनी सुचवलेला बटणांचा मोबाईल या बाबतीत कॉर्डलेसपेक्षा सौम्य नव्हे. आजचे पेसमेकर अशा लहरींपासून बऱ्यापैकी संरक्षित असतात, तरी सगळ्याच फोनांसाठी एक जुना सल्ला अजून पाळतात: पेसमेकरपासून फोन किमान १५ सेंटीमीटर लांब ठेवायचा. ज्या बाजूला पेसमेकर आहे त्याच्या उलट कानाला फोन लावायचा. ब्लाउजमध्ये खोचायचा नाही. बोलणं झाल्यावर वायरचा रिसीव्हरही छातीवर ठेवून पडून राहायचं नाही, कारण त्याच्या स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं. बेस उशाशी नको, खोलीच्या दुसऱ्या टोकाला किंवा हॉलमध्ये. पेसमेकरचं जे कार्ड दवाखान्यातून मिळालंय ते पुढच्या तपासणीला घेऊन जा आणि डॉक्टरांना आईंसमोरच विचारा. तुमच्या किंवा माझ्या सांगण्याने जी भीती जाणार नाही, ती त्यांच्या एका ‘चालेल’ने जाईल.

कानाच्या मशीनचं दुकानात बघावं लागेल. रिसीव्हर कानावर दाबून धरला की मशीन शिट्टी मारतं. तो थोडा वर, मशीनच्या माईकजवळ धरायची सवय करावी लागते. काही मशीनमध्ये फोनसाठी ‘टी’ म्हणून वेगळी सोय असते. ती वायरच्या फोनबरोबर चांगली चालते, कॉर्डलेसबरोबर कधी कधी गुणगुण ऐकू येते. स्पीकरवर बोलणं सगळ्यात सोपं, पण मग दार लोटण्याचा उपयोग संपला.

बॅटरीचं थोडक्यात. हँडसेटमध्ये सहसा दोन बारीक पेन्सिल आकाराचे निकेल-मेटल हायड्राइड सेल असतात, १.२ व्होल्टचे, पुन्हा चार्ज होणारे. दोनेक वर्षांत ते दमतात. दमले की लोक कोपऱ्यावरच्या दुकानातून घड्याळाचे साधे सेल आणून घालतात, ते बैठकीवर ठेवल्यावर तापतात, गळतात, फुटूही शकतात. चार्ज होणारेच सेल घ्या आणि त्यावर मार्करने तारीख लिहा. नवा फोन पहिल्यांदा रात्रभर बैठकीवर राहू द्या. स्वयंपाकघरातल्या तेलकट वाफेने हँडसेटच्या बुडाच्या धातूच्या टिकल्यांवर थर बसतो आणि चार्जिंग होत नाही, त्या महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसायच्या. ‘फोन खराब झाला’ म्हणून दुकानात जाणाऱ्या बऱ्याच कॉर्डलेसचा आजार एवढाच असतो.

तुमच्या यजमानांचं म्हणणं अगदीच उडवू नका. बटणांचा मोबाईल हवाच, पण लँडलाईनच्या जागी नव्हे, तिच्या जोडीला. फायबरच रस्त्यावर कुठे तुटलं तर इन्व्हर्टर काय करणार? तो मोबाईल पलंगाजवळ चार्जिंगला असू द्या, तुमचा नंबर एका बटणावर टाकून द्या. लँडलाईन काढून पैसे वाचतील असा त्यांचा हिशेब असेल तर बिल उघडून बघा. फायबरच्या बहुतेक प्लॅनमध्ये घरचा फोन आणि त्यावरचं बोलणं प्लॅनमध्येच धरलेलं असतं, नंबर सोडला तरी पैसे तेवढेच. आणि हा नंबर एकदा गेला की गेला. मोबाईलसारखा लँडलाईनचा नंबर एका कंपनीतून दुसरीकडे नेता येत नाही. पुढे कंपनी बदलायचा विचार कधी झाला तर हे आधी आठवा, कारण ०७३१च्या मागचा तो नंबर भजनी मंडळाच्या किती वह्यांत लिहिलेला असेल, ते आईंनाही मोजता येणार नाही.

मोबाईल लागत नाही, त्याचं कोडं सोपं आहे. १५ जानेवारी २०२१पासून लँडलाईनवरून कोणताही मोबाईल लावताना आधी शून्य दाबावं लागतं, गावातलाच मोबाईल असला तरी. आईंच्या वहीत जुने दहा आकडीच असतील. बसून सगळ्या मोबाईल नंबरांच्या आधी लाल शाईने शून्य घालून द्या, आणि कॉर्डलेसमध्ये नावं साठवताना शून्यासकटच साठवा.

शेवटची काळजी आईंची खोली आणि त्यांचं दार लोटून बोलणं यातूनच येते, म्हणून सांगते. आई एकट्या फोन घेणार म्हणजे फसवणारे फोनही एकट्याच घेणार. ‘तुमच्या मुलाला पकडलंय’, ‘पार्सलमध्ये काहीतरी सापडलंय’, ‘डिजिटल अरेस्ट केलीय, फोन ठेवू नका’, हे सगळं लँडलाईनवरही येतं. पोलीस फोनवर कोणाला अटक करत नाहीत, हे एक वाक्य त्यांना नीट समजावून द्या आणि असा फोन आला की काही न बोलता रिसीव्हर खाली ठेवायची मुभा द्या. मुभा म्हणते, कारण समोरच्याचा फोन मध्येच ठेवणं त्यांना उद्धटपणा वाटतो. पैसे गेलेच तर लगेच १९३०वर कळवायचं. पण या धाकापायी दुसऱ्या फोनवरून त्यांचं बोलणं ऐकत बसू नका. ज्या घरात एकाच लाईनीवर दोन फोन आहेत त्या घरात हा मोह असतोच.

खरेदीला जेल रोड किंवा महाराणी रोडला आईंना घेऊन जा. त्यांना चालवत नसेल तर दुकानदाराकडून दोन-तीन प्रकार घरी मागवा. साधा एका हँडसेटचा कॉर्डलेस दोन-तीन हजारांत यावा. बटणं त्यांच्या बोटांनी दाबून बघू दे, पडद्यावरचे आकडे त्यांच्या चष्म्यातून वाचू दे, रिंगचा आवाज दुकानाच्या गोंगाटात त्यांना ऐकू येतो का ते बघा. घरी नेल्यावर मागच्या अंगणात आवाज तुटला तर बदलून देणार का, हे पैसे देण्याआधी विचारा आणि पावतीवर लिहून घ्या.